१-१ झालं तरी हरली कशी? बडोद्याच्या हमीदा बानूपासून अंतिम पंघालपर्यंत, महिला कुस्तीचा निकाल असा वाचा

बडोदा : मे १९५४. बडोद्याच्या रस्त्यांवरून ट्रकवर पोस्टरं लावून एका कुस्तीची जाहिरात फिरत होती. कुस्ती बाई विरुद्ध बाप्या अशी. बाईचं नाव हमीदा बानू. उत्तर प्रदेशातली, अलीगढला तयार झालेली. 'मला कुस्तीत हरवा आणि माझ्याशी लग्न करा' असं तिचं त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासूनचं उघड आव्हान होतं. पतियाळाच्या आणि कलकत्त्याच्या पैलवानांना तिनं आधीच लोळवलं होतं.

बडोद्यात तिची जोड आधी छोटे गामा या पैलवानाशी ठरली होती. बडोद्याच्या महाराजांचा त्याला आश्रय. पण ऐन वेळी त्यानं माघार घेतली, बाईशी लढणार नाही म्हणाला. मग बाबा पैलवान आखाड्यात उतरला. कुस्ती चालली १ मिनिट ३४ सेकंद. बाबा पैलवान चीत. त्या काळच्या बातम्यांत ही वेळ सेकंदासकट नोंदली गेली, आणि ७० वर्षांनी, ४ मे २०२४ रोजी, गुगलनं याच कुस्तीची आठवण म्हणून हमीदा बानूचं डूडल केलं.

एवढा स्वच्छ निकाल. तरी लोकांना तो पटला का? अनेकांना नाही. त्यांच्या मते हे सगळं ठरवून केलेलं, म्हणजे नुरा कुस्ती. हमीदा बानूनं शोभा सिंग पंजाबी या पैलवानाला हरवलं तेव्हा कोल्हापुरात प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड फेकले आणि शेवटी पोलिसांना यावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे झालीच नाही. मुंबई राज्यात तिच्या कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा तिनं मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे दाद मागितली. बाई म्हणून बंदी नाही, आयोजक तिच्यासमोर 'डमी' पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे, असं उत्तर तिला मिळालं. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्टिलिनला तिनं एका मिनिटाच्या आत हरवलं होतं, तरी संशय तिच्या मागे राहिलाच. १९८६ मध्ये तिचं निधन झालं.

आज मुलींच्या कुस्तीला नुरा म्हणणारे फारसे उरलेले नाहीत. पण निकालावरचा वाद मिटलेला नाही, त्याचं रूप बदललंय. 'बरोबरीत असताना हरली कशी?', 'पहिल्या फेरीत हरलेली पदक कशी घेऊन आली?', 'शंभर ग्रॅमनं काय बिघडतं?', 'पाठ टेकली नव्हती, पंचानं मारली!' तालमीच्या कट्ट्यावर, यात्रेच्या दंगलीत आणि मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये कुस्तीशौकिनांची भांडणं बहुतेक याच प्रश्नांवर होतात. बरीचशी भांडणं होतात ती डोळे मातीवरचे आणि कुस्ती मॅटवरची असल्यामुळे. तेव्हा हे प्रश्न एकेक करून समजून घेऊ.

मातीचा निकाल आणि मॅटचा निकाल

आपल्याकडच्या पारंपरिक कुस्तीत हिशोब सरळ आहे. समोरच्याची पाठ मातीला लागली की निकाल. लागली नाही तर कुस्ती चालू, आणि फारच लांबली तर पंच मंडळी ती बरोबरीत सोडवतात. बडोद्याशी नातं असलेला थोरला गामा १९१० मध्ये लंडनला झिबिस्कोशी लढला. अडीच तासांहून जास्त वेळ गेला, तरी कुस्ती निकाली झाली नाही. याच गामानं २३ डिसेंबर १९०२ रोजी बडोद्यात सुमारे १२०० किलोंची शिळा उचलल्याची नोंद आहे, आणि ती शिळा बडोद्याच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. ताकद आणि दम यांची ती दुनिया होती.

मॅटवरची फ्रीस्टाईल कुस्ती सहा मिनिटांची. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. इथे बरोबरी नाही, कुणीतरी एक जिंकायलाच हवं. म्हणून गुण आले आणि गुणांचे नियम आले. पुरुषांना फ्रीस्टाईल आणि ग्रीको-रोमन असे दोन प्रकार आहेत. महिलांची आंतरराष्ट्रीय कुस्ती फक्त फ्रीस्टाईलच्या नियमांनी होते, म्हणजे पाय धरता येतात, पट काढता येतो. महिलांची जागतिक स्पर्धा १९८७ पासून सुरू झाली. ऑलिम्पिकमध्ये महिला कुस्ती आली २००४ ला, अथेन्समध्ये. हमीदा बानूच्या बडोद्यातल्या कुस्तीनंतर बरोबर ५० वर्षांनी.

गुण कसे मिळतात?

ढोबळ हिशोब असा :

– प्रतिस्पर्ध्याला मॅटच्या वर्तुळाबाहेर पाय टाकायला लावलं : १ गुण.
– पट काढून किंवा इतर डावानं खाली आणून पाठीमागून ताबा घेतला : २ गुण.
– खाली असलेल्या प्रतिस्पर्ध्याची पाठ मॅटच्या दिशेनं फिरवली : २ गुण.
– उभ्यानं थेट पाठीच्या धोक्यात आणलं : ४ गुण. उंच उचलून मोठी फेक केली तर ५.
– खाली दाबली गेलेली वर आली आणि तिनं ताबा घेतला : १ गुण.

यात दोन गोष्टी प्रेक्षकांच्या नजरेतून हमखास सुटतात. पहिली म्हणजे बचावात्मक खेळाची शिक्षा. एखादी पैलवान नुसती टाळाटाळ करत असेल तर पंच आधी तोंडी ताकीद देतात, नंतर ३० सेकंदांचं घड्याळ लावतात. त्या ३० सेकंदांत कुणीच गुण मिळवला नाही तर गुण समोरचीला. पहिल्या फेरीत दोन मिनिटं कोरी गेली तर पंचांना कुणाला तरी एकीला निष्क्रिय ठरवावंच लागतं. दुसरी म्हणजे आव्हान, ज्याला मॅटवर 'चॅलेंज' म्हणतात. निर्णय पटला नाही तर प्रशिक्षक व्हिडिओ पाहायची मागणी करू शकतो. व्हिडिओत तो चुकीचा ठरला तर एक गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा.

दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथेच संपते, याला तांत्रिक श्रेष्ठता म्हणतात. आणि दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला टेकवून ताबा दाखवला की चीतपट. मग गुणफलकावर काहीही असो, निकाल चीतपटचाच. म्हणजे मातीचा मूळ नियम मॅटवरही सगळ्यात वरचाच राहिला आहे.

बरोबरी झाली तर : एकच नियम, दोन मुली, दोन निकाल

आता सगळ्यात जास्त भांडणाचा मुद्दा. गुण समान असतील तर तीन गोष्टी क्रमानं पाहिल्या जातात. आधी पाहायचं, मोठ्या गुणांचा डाव कुणी केला. तिथेही समान असेल तर कुणाला ताकीद कमी. तिथेही समान असेल तर शेवटचा गुण कुणाचा.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताच्या दोन कुस्त्यांनी हा नियम आपल्याला दोन्ही बाजूंनी दाखवला.

६ ऑगस्टला ५० किलो वजनी गटात विनेश फोगाटसमोर पहिल्याच कुस्तीत जपानची युई सुसाकी होती. टोकियोची सुवर्णविजेती आणि तोवर आंतरराष्ट्रीय ८२ कुस्त्यांत एकदाही न हरलेली. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत सुसाकी २-० नं पुढे होती. पण ते दोन गुण एक-एक करून, विनेशच्या बचावात्मक खेळामुळे मिळालेले होते. अगदी शेवटी विनेशनं सुसाकीला खाली आणलं आणि दोन गुण घेतले. फलक २-२. दोघींचे गुण सारखे, पण विनेशचे दोन एकाच डावाचे होते आणि सुसाकीचे एक अधिक एक. नियमानं विनेश पुढे. जपाननं आव्हान दिलं, ते फेटाळलं गेलं, आणखी एक गुण विनेशला. निकाल ३-२.

चार दिवसांनी ७६ किलो गटात रितिका हुड्डाची उपांत्यपूर्व फेरी होती, किर्गिझस्तानच्या आयपेरी मेदेत किझीशी. पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धीच्या निष्क्रियतेमुळे रितिकाला एक गुण. दुसऱ्या फेरीत तसाच एक गुण मेदेत किझीला. फलक १-१. मोठा डाव कुणाचाच नाही. मग शेवटचा गुण कुणाचा? मेदेत किझीचा. रितिका बाहेर.

त्या दिवशी अनेकांनी 'अन्याय' असा शब्द वापरला. पण रितिकाला जिथे फटका बसला तो नियम आणि विनेशला ज्यानं तारलं तो नियम, दोन्ही एकच. नियम चांगला की वाईट यावर वाद जरूर घालावा, पण चार दिवसांपूर्वी टाळ्या वाजवल्या आणि आज शिव्या घातल्या असं होऊ नये. त्यातून एक धडा मात्र मिळतो. १-० ची आघाडी ही मॅटवर आघाडी नसतेच. समोरचीचा एक गुण झाला की ती संपली. पैलवानानं एक तरी दोन गुणांचा डाव मारून ठेवायचा असतो.

आघाडी म्हणजे विजय नाही

त्याच पॅरिसमध्ये ६८ किलो गटात निशा दहिया उत्तर कोरियाच्या पाक सोल गुमविरुद्ध ८-१ नं पुढे होती. साधारण मिनिटभर उरलं होतं. हाताला जबर दुखापत झाली, उपचार घेऊन ती रडत रडत लढली आणि ८-१० नं हरली. कागदावर फक्त 'उपांत्यपूर्व फेरीत पराभव' एवढंच राहिलं.

याच्या उलट उदाहरण २०१६ च्या रिओचं. ५८ किलो गटात साक्षी मलिक कांस्यपदकाच्या कुस्तीत किर्गिझस्तानच्या आयसुलू तिनिबेकोवाविरुद्ध ०-५ नं मागे होती. दुसऱ्या फेरीत ती ५-५ वर आली आणि शेवटच्या काही सेकंदांत पुढे गेली. समोरच्यांचं आव्हान फेटाळलं गेल्यावर निकाल ८-५. महिला कुस्तीतलं भारताचं हे पहिलं ऑलिम्पिक पदक.

म्हणून नुसतं हरली-जिंकली विचारण्यापेक्षा किती गुणांनी आणि कधी हे विचारलं तर मुलीबद्दल जास्त कळतं. ०-१० नं दोन मिनिटांत संपलेली कुस्ती आणि ८-१० नं शेवटच्या सेकंदाला गेलेली कुस्ती, दोन्हीपुढे कागदावर 'पराभव' असंच लिहिलेलं असतं.

हरूनही पदक : रेपेचाज म्हणजे काय?

साक्षीबद्दल आणखी एक गोष्ट. रिओत ती उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या वालेरिया कोब्लोवाकडून हरली होती. मग पदक कसं?

कुस्तीत ड्रॉ चिठ्ठीनं निघतो. पहिल्याच फेरीत जगातली सर्वात तगडी पैलवान समोर येऊ शकते. म्हणून नियम असा की, जी तुम्हाला हरवून पुढे अंतिम फेरीत पोहोचली, तिच्याकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी दुसरी संधी. यालाच रेपेचाज म्हणतात. प्रत्येक गटात कांस्यपदकं दोन असतात ती यामुळेच. कोब्लोवा अंतिम फेरीत गेली, साक्षीचं दार उघडलं.

पॅरिसमध्ये हेच सुसाकीच्या बाबतीत घडलं. तिला हरवणारी विनेश अंतिम फेरीत पोहोचली म्हणून सुसाकीला रेपेचाज मिळालं आणि ती कांस्यपदक घेऊन गेली. आणि विनेश?

शंभर ग्रॅमचा हिशोब

कुस्तीचं वजन दोनदा होतं. गटाच्या कुस्त्या दोन दिवस चालतात. पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांचं वजन, दुसऱ्या दिवशी सकाळी जे पदकाच्या किंवा रेपेचाजच्या शर्यतीत उरलेत त्यांचं पुन्हा वजन. सूट नाही.

विनेश अनेक वर्षं ५३ किलोत लढायची. पण ५३ किलोचा ऑलिम्पिक कोटा अंतिम पंघालनं मिळवला होता, म्हणून विनेश ५० मध्ये उतरली. पहिल्या दिवशी वजन बसलं. मग सुसाकी, युक्रेनची ओक्साना लिवाच आणि क्युबाची युस्नेलिस गुझमान लोपेझ अशा तीन कुस्त्या जिंकल्या. दिवसभर लढायला अंगात ताकद हवी, म्हणून खाणं-पिणं आलं आणि वजन वाढलं. रात्रभर धावून, घाम गाळून, केस कापूनही ७ ऑगस्टच्या सकाळी काटा १०० ग्रॅम जास्त दाखवत होता. ती अपात्र ठरली, आणि नुसतं सुवर्ण हुकलं असं नाही, नियमानुसार तिचा क्रमांकच राहिला नाही. तिच्या जागी गुझमान लोपेझ अंतिम फेरीत खेळली आणि अमेरिकेची सारा हिल्डेब्रांट जिंकली. क्रीडा लवादाकडे केलेलं अपील १४ ऑगस्टला फेटाळलं गेलं.

'शंभर ग्रॅमनं काय होतं' हा प्रश्न भावनेचा आहे आणि तो रास्तही आहे. पण वजनी गट म्हणजे काट्याचा व्यवहार, तिथे उधारी नसते. पुरुषांनाही नाही. २०२५ च्या झाग्रेब जागतिक स्पर्धेत पॅरिसचा कांस्यविजेता अमन सेहरावत वजनात बसला नाही म्हणून एकही कुस्ती न खेळता बाहेर झाला.

यातली खरी काळजीची गोष्ट खाली, गावपातळीवर आहे. शाळकरी मुलीला 'खालच्या गटात सोपं जाईल' म्हणून उपाशी ठेवून, पाणी तोडून वजन उतरवायला लावणारे लोक सगळीकडे असतात. वाढत्या वयाच्या मुलीच्या हाडांवर, पाळीवर आणि ताकदीवर त्याचा परिणाम होतो. एक स्पर्धा मिळते, पण पुढची वर्षं जातात. पालकांनी प्रशिक्षकाला विचारायचा पहिला प्रश्न डावांबद्दल नसावा. मुलीचं रोजचं वजन किती आणि तिला कोणत्या गटात खेळवणार, हा असावा.

वाद फक्त मुलींच्या निकालावर होतो का?

अजिबात नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत माती विभागाच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले. सिकंदर शेख धोक्यात आला होता की नाही यावर महिनाभर महाराष्ट्र भांडत होता. निकाल तोच राहिला. सिकंदर त्याच वर्षाच्या अखेरीला महाराष्ट्र केसरी झाला.

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला त्यापुढची पायरी गाठली गेली. गादी विभागात शिवराज राक्षे पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चीतपट झाल्याचा निर्णय आला. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते असं राक्षेचं म्हणणं होतं. वाद वाढला, त्यानं पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही निर्णयावर नाराज होऊन मैदान सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली, राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

म्हणजे बाईच्या कुस्तीवर संशय आणि पुरुषाच्या कुस्तीवर विश्वास, असा जमाना आता राहिलेला नाही. दोघांनाही कॅमेरा, फलक आणि पंच तेच. फरक एवढाच की, हमीदा बानूला आपल्या निकालाच्या बाजूनं दाखवायला काहीच नव्हतं, आजच्या मुलीकडे प्रत्येक गुणाची नोंद आहे. ती नोंद वाचता यायला हवी, मग ती तिच्या बाजूनं बोलते.

मग आता दावेदार कोण?

ज्येष्ठ गटात सध्या सर्वात भरवशाचं नाव अंतिम पंघाल, ५३ किलो. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातल्या भगाणा गावची. घरात आधीच मुली होत्या, ही शेवटची ठरावी म्हणून नाव अंतिम ठेवलं. २०२२ मध्ये ती २० वर्षांखालील जागतिक स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय मुलगी ठरली, २०२३ मध्ये पुन्हा जिंकली. २०२३ ला बेलग्रेडमध्ये ज्येष्ठ गटात कांस्य. तेव्हा निवडणुका वेळेवर न झाल्यानं भारतीय कुस्ती महासंघ निलंबित होता, म्हणून तिला तिरंग्याऐवजी जागतिक संघटनेच्या झेंड्याखाली खेळावं लागलं. पॅरिसमध्ये मात्र पहिल्याच कुस्तीत तुर्कीच्या झेनेप येतगिलकडून ०-१० नं हरली. तेव्हा 'संपली' म्हणणारे बरेच होते. सप्टेंबर २०२५ ला झाग्रेबमध्ये स्वीडनच्या एमा माल्मग्रेनला ९-१ नं हरवून तिनं दुसरं जागतिक कांस्य घेतलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते एकमेव पदक.

तिच्या मागे रांग मोठी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बल्गेरियातल्या सामोकोव्हला २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत तपस्यानं ५७ किलोत आणि काजलनं ७२ किलोत सुवर्ण जिंकलं. त्याआधी २०२४ मध्ये अम्मानला १७ वर्षांखालील मुलींच्या संघानं पाच सुवर्णांसह सांघिक विजेतेपद आणलं. त्याच स्पर्धेत ४६ किलोत महाराष्ट्राच्या श्रुतिका पाटीलनं रौप्य मिळवलं.

पण इथे एक ताळेबंद मांडून ठेवायला हवा. ज्येष्ठ महिलांच्या जागतिक स्पर्धेत २०२५ पर्यंत भारताला एकही सुवर्ण नाही. सर्वोत्तम कामगिरी अंशू मलिकची, २०२१ च्या ओस्लोतलं रौप्य. बाकी सगळी कांस्यं : अलका तोमर, गीता आणि बबिता फोगाट, पूजा धांडा, विनेश, सरिता मोर, अंतिम. लहान वयात जग जिंकणाऱ्या मुली ज्येष्ठ गटात जाताना कुठे अडतात, हा खरा चर्चेचा विषय आहे. दुखापत, वजनाचा गट, सातत्यानं परदेशी सराव न मिळणं आणि संघटनेतले वाद, ही कारणं शौकिनांनाही ठाऊक आहेत.

महाराष्ट्राच्या मुली कुठे आहेत?

पहिली अधिकृत महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली. पुरुषांची स्पर्धा सुरू झाली १९६१ ला, म्हणजे मुलींना गदा मिळायला ६२ वर्षं लागली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती जिंकली. जानेवारी २०२५ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत अहिल्यानगरच्या भाग्यश्री फंडनं कोल्हापूरच्या अमृता पुजारीवर मात करून किताब घेतला.

आता गंमत पाहा. सांगलीला हरलेली वैष्णवी पाटील २०२५ ला ६५ किलो गटात भारतीय संघात निवडली गेली आणि झाग्रेबला जागतिक स्पर्धेत उतरली. पदकापर्यंत पोहोचली नाही. पण २०२३ च्या त्या अंतिम निकालावरून कुणी 'उपविजेती म्हणजे मागे पडलेली' असं ठरवलं असतं, तर तो अंदाज दोन वर्षांत खोटा ठरला असता. केसरीची कुस्ती खुल्या गटाची असते, जागतिक स्पर्धा नेमक्या वजनाची. दोन्हींची गणितं वेगळी.

इथेच आणखी एक बारकावा. टोकियो आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांचे गट सहाच होते : ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६ किलो. जागतिक स्पर्धेत दहा असतात. ६५ किलो हा ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या चारपैकी एक. म्हणजे त्या गटातल्या मुलीला ऑलिम्पिकचं स्वप्न पाहायचं तर ६२ वर उतरायचं की ६८ वर चढायचं, हे ठरवावं लागतं. विनेशचं उदाहरण समोर असताना हा निर्णय घाईनं घेण्यासारखा नाही.

बडोद्याचा वारसा काय सांगतो?

मराठी माणसाच्या व्यायामाच्या इतिहासात बडोद्याचं स्थान मोठं आहे. सयाजीराव गायकवाडांच्या काळात मल्लांना राजाश्रय होता. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव ही नावं महाराष्ट्रातल्या जुन्या तालमींत आजही आदरानं घेतली जातात. दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यातूनच काढला. कुस्ती नुसती लढायची नाही, लिहून ठेवायची, शिकवायची, हे या शहरानं दाखवलं. सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी तो वारसा परका नाही.

त्याच शहरात राजाश्रयाचा पैलवान एका बाईसमोर उभा राहायला नाही म्हणाला, आणि दुसरा उभा राहिला तो ९४ सेकंदांत पडला. ते बडोद्यानं डोळ्यांनी पाहिलं. तरी हमीदा बानूला आयुष्यभर 'खरंच का?' हा प्रश्न ऐकावा लागला.

आता आपल्या जिल्ह्यातल्या यात्रेत, शालेय स्पर्धेत किंवा तालुक्याच्या मॅटवर एखादी मुलगी कुस्ती हरून खाली उतरेल तेव्हा पाच गोष्टी विचाराव्यात. गुण किती झाले? तिचा एखादा दोन किंवा चार गुणांचा डाव लागला का? शेवटच्या मिनिटाला दम होता का? वजनाचा गट तिचा स्वतःचा की उतरवलेला? आणि जिच्याकडून हरली ती पुढे कुठपर्यंत गेली? या पाच उत्तरांनंतरच 'पोरीत दम नाही' किंवा 'पोरीला पुढे पाठवा' यातलं एक वाक्य बोलावं. घरी परतताना बाप जे वाक्य ऐकतो, त्यावर पुष्कळदा पुढच्या वर्षी ती तालमीत येणार की नाही हे ठरतं.